छत्तीस बाटल्यांची चूक

ज्या माणसाने चूक केली नाही त्याच्या नावावर ती छापली गेली, आणि आता तो माणूसच राहिला नाही, तर ती खोडायची कोणी? छापणाऱ्याने, की वाचून मान डोलावणाऱ्यांनी? वाचकहो, उत्तराची घाई करू नका. मला ते सापडायला दोन वर्षं लागली, आणि ज्यांना ते द्यायचं होतं ते अप्पा तेवढ्यात निघून गेले. म्हणून जे बोलायचं ते आता त्यांच्याशीच बोलते. तुम्ही शेजारी बसून ऐका.

अप्पा, तुमच्या लिंगायत रीतीप्रमाणे तुम्हाला बसवून माती दिली त्याला आज पंधरा दिवस झाले. कसे गेलात, किती वाजता, दवाखाना किती लांब राहिला, ते सगळं चौसाळ्यात सांगून झालंय. मी त्यात भर घालणार नाही. मला तिसऱ्या दिवसाचं सांगायचंय. गंगाकाकूंनी माझ्या हातात चहाचा कप दिला आणि माझ्या समोर खाली बसल्या. रडत नव्हत्या. त्यांनी विचारलं, “सुनंदा, खरं सांग. त्या कागदावर लिव्हलतं ते खरं हुतं का गं? ती मशीन ह्यांच्या चुकीनं बंद पडलती का?”

मी काय म्हटलं असेन? आयुष्यभर भिंतीवर सत्य चिकटवत फिरलेली मुलगी मी. मी म्हटलं, “काकू, ते नंतर कधी तरी बोलू.”

काकू उठून आत गेल्या. कपातला चहा तसाच राहिला.

आपली ओळखच पत्रकामुळे झाली होती, आठवतं? आमच्या घरात सायक्लोस्टाइलचं यंत्र होतं. माझे वडील मास्तर, त्यांच्या नखांतली शाई कधी गेली नाही. अक्षरं मी पाटीवर शिकले, पण वाक्य शिकले ते पत्रकावर. मोर्चा, सभा, हुंडा, दुष्काळी कामं, जिथे अन्याय तिथे आमचा कागद. आमच्या कार्यकर्त्यांच्या मंडळाचा भोंगा बिघडला म्हणून मी तुमच्या मोटर-दुरुस्तीच्या दुकानात आले आणि भोंग्याबरोबर तुमच्या हातात एक पत्रकही ठेवलं. तुम्ही चष्मा पुसून ते शेवटपर्यंत वाचलंत. मग म्हणालात, “आवाज लई हाय ह्याच्यात. करंट कमी हाय.”

मला इतका राग आला की दुरुस्त झालेला भोंगा न घेताच मी निघाले. तुम्ही मागून ओरडलात, “ए पोरी, भोंगा कुणी न्यायचा? का तसंच वरडणार हायेस?”

त्या वर्षी हायवेच्या कडेला एका रिकाम्या शेतात एक बाबा येऊन उतरला. त्याचं नाव मी इथे लिहिणार नाही, त्याला फुकटची जाहिरात नको. तो आसनावर बसायचा, हातात नुसती ट्यूबलाइट धरायचा, ना तार ना होल्डर, आणि ट्यूब पेटायची. लोक पाया पडायचे. ‘ह्या उजेडात बसा, गोळ्या बंद करा’ असं तो सांगायचा, आणि लोक खरोखर गोळ्या बंद करायचे. गावात नुकतीच केबल आली होती, चौकात परदेशी थंड पेयाचा फलक लागला होता. जग जवळ आलं असं सगळे म्हणत होते, आणि आमची माणसं रांग लावून एका ट्यूबच्या पाया पडत होती.

तुम्ही एकदा जाऊन बघून आलात. म्हणालात, “काय न्हाई. बुडाखाली कॉइल हाय त्याच्या. बारकी. बॅटरीवर चालणारी. मी त्याच्या धा पट मोठी करून दावतो, उघड्या मैदानात, झाकपाक न करता.”

ती टेस्ला कॉइल, तारेशिवाय हवेतून वीज फेकणारी. तुम्ही त्याबद्दल एका जुन्या इंग्रजी मासिकातल्या दोन पानांवर वाचलं होतं, तेही चित्रं बघून. औरंगाबादच्या भंगारातून निऑनच्या पाटीचा ट्रान्सफॉर्मर आणलात. पीव्हीसीच्या पाइपावर बारीक तार गुंडाळलीत, हजारभर वेढे, एकही एकमेकांवर चढलेला नाही. जळक्या मोटरींत नवी तार भरणाऱ्या तुमच्या बोटांना ते काम म्हणजे जपासारखं. खाली जाड तांब्याचे मोजके वेढे. मधे दोन पितळी बोल्ट समोरासमोर, त्यांच्यात बोटभर फट, तुमच्या भाषेत गॅप, आणि त्या फटीवर वारा घालायला जुन्या कूलरचा पंखा. राहिला वीज साठवणारा कंडेन्सर. इतक्या दाबाचा कंडेन्सर आपल्याकडे कुठे मिळणार? तुम्ही म्हणालात, घरी करू. काचेच्या बाटलीत मिठाचं पाणी, वर बोटभर गोडेतेल, तोंडातून आत तार. अशा बाटल्या मिठाच्या पाण्याच्या परातीत उभ्या करायच्या. बाटली वाढली की कंडेन्सर मोठा झाला.

आणि सगळ्यात चांगली काच बिअरच्या बाटलीची!

घरात इष्टलिंगाची पूजा, भावाचं किराणा दुकान, आणि तुम्ही ढाब्यामागून रिकाम्या बाटल्यांचं पोतं खांद्यावर टाकून भर दुपारी गावातून आलात. नेमकी त्याच वाटेवर कपिलधारच्या यात्रेला निघालेली पाहुणेमंडळी भेटली. पोतं खळखळतंय, तुम्ही हात जोडताय. काकू दारातच म्हणाल्या, “लोकं पिऊन बाटल्या फेकतेत, तुमी न पिता घरी आणायलेत. कुणाला काय सांगू मी?” तुम्ही म्हणालात, “सांग, कंडेन्सर हाय.” काकू म्हणाल्या, “हां. सगळे पिणारे असंच कायतरी म्हंतेत.”

त्या दिवशी आपण तिघंही हसलो होतो. त्यानंतर असं हसणं फारसं झालं नाही.

तुमच्या दुकानाच्या मागच्या भिंतीवर खडूने लिहिलेला तक्ता परवा पुन्हा पाहिला. पुसलेला नाही. सहा बाटल्या: गॅप सारखी तडतडते, ठिणगी बारीक, फुलबाज्यावाणी. बारा बाटल्या: लावू नये. खाली दोन रेघा. बाराला काय झालं ते मी स्वतः पाहिलंय. ट्रान्सफॉर्मरचा आणि बाटल्यांचा असा मेळ बसला की दाब वाढतच गेला, एका बाटलीच्या काचेला आरपार भोक पडलं आणि खारं पाणी टेबलावरून वाहू लागलं. तुम्ही खटका बंद केलात, उरलेली वीज उतरवायला लांब काठीला बांधलेली तार बाटल्यांना एकदा लावलीत, मग पुन्हा लावलीत. “मेलेला साप दोनदा ठेचावा,” म्हणालात. मग मला समजावलंत, “झोक्याला येळेवर धक्का बसत गेला की झोका वर वर जातो. बाराला तसं हुतंय. आपण थोडं पुढं जाऊ. अठरा.”

अठरा बाटल्या: ठिणगी जाड, सुटी सुटी, ट्यूब चार हातांवरून पेटते. हे तुम्ही लिहिलंत आणि त्याभोवती गोल काढलात. बास, म्हणालात. आता हिला कुणी हात लावायचा न्हाई.

मी हात लावला, अप्पा. मशीनला नाही. कागदाला.

आठवडी बाजाराच्या दिवशी शाळेच्या मैदानात प्रयोग ठरला. पत्रक मी लिहिलं. वर मोठ्या अक्षरांत मथळा: ‘छत्तीस बाटल्यांची वीज बघायला या!’ अठरा का लिहिलं नाही? कारण अठरा वाचताना थंड वाटलं. छत्तीस म्हटलं की तोंड भरतं. आणि माझा साधा हिशोब होता की कंडेन्सर दुप्पट केला तर ठिणगी दुप्पट होईल, नाही तर निदान कमी तरी होणार नाही. आमच्यात हे असंच चालत आलं. आधी छापायचं, मग जे छापलंय ते खरं करायला धावायचं. मोर्चात ते चालून जातं. हजार लिहिले आणि तीनशे आले तर घोषणा मोठ्याने द्यायच्या.

हजार प्रती वाटून झाल्यावर मी तुम्हाला पत्रक दाखवलं. तुम्ही वाचलंत आणि चष्मा काढलात.

“छत्तीस कुणी सांगितल्या गं?”

“कुणी नाही. मी लिहिलं. अजून अठरा लावायच्या, त्यात काय?”

“त्यात काय?” तुम्ही स्टुलावरून उठलात. “हे बघ. पंप तोच, येळ तेवढाच. टाकी रुंद केली तर पाणी गुडघ्याइतकंच चढंल. अन् आपलं भोक हाय कमरेपाशी. पाणी भोकापर्यंत आलंच न्हाई तर धार कुठून पडंल? ती गॅप म्हंजे ते भोक हाय. दाब तिथपर्यंत चढला तरच ठिणगी पडती.”

“मग भोक खाली घ्या. फट कमी करा.”

“करतो की. मग धार बी खालचीच पडंल, दम नसलेली. अन् दुसरं. ठिणगी नुसती पडून भागत न्हाई, पोरी, ती येळेवर विझली पायजे. न्हाई विझली तर वर चढलेली ताकद त्याच वाटेनं माघारी येती अन् त्या फटीतच जळून जाती. जेवढा कंडेन्सर मोठा, तेवढी ठिणगी जड. जड ठिणगी विझवायला अवघड.”

मी म्हटलं, “विझणाऱ्या ठिणग्यांचं कौतुक तुम्ही करा. मला पेटती पाहिजे.”

“पेटती पायजे तर घरी चूल हाय,” तुम्ही म्हणालात.

तो वाद तिथेच राहिला. मी म्हटलं, आता कागद परत घेता येत नाही, बाबाची माणसं बाटल्या मोजतील, दोन कमी निघाल्या तरी म्हणतील हे खोटारडे. तुम्ही बोल्टावरून बोट फिरवलंत. मग म्हणालात, “तपल्या कागदापायी मशीनला खोटं बोलाया लावायलीस तू.” आणि दुसऱ्या दिवशी पोतं घेऊन पुन्हा ढाब्यावर गेलात.

तुम्ही गेलात कशाला, अप्पा? माझ्या तोंडावर नाही का म्हणाला नाहीत? पंधरा दिवस मी हेच विचारतेय. माझ्यावर लेकीसारखी माया होती म्हणून गेलात, की मला ठेच लागू द्यायची होती? तुमच्याकडून आता उत्तर येणार नाही, आणि मला सोयीचं ते उत्तर मी निवडणार नाही.

मैदान भरलं होतं. बाजार अर्धा सोडून माणसं आली होती. मी एका हातात माइक आणि दुसऱ्या हातात ट्यूब धरून उभी होते. तुम्ही खटका दाबला. गॅपमधून एकदाच ‘टच्’ असा आवाज आला. मग काही नाही, फक्त ट्रान्सफॉर्मरची गुणगुण. तुम्ही माझ्याकडे पाहून हळूच विचारलंत, “निम्म्या काढू का?”

मी माइकवर हात ठेवून म्हटलं, “नाही. छत्तीस जाहीर केल्यात. फट कमी करा.”

तुम्ही खटका बंद केलात. काठी एकदा लावलीत, पुन्हा लावलीत. बोल्ट आत फिरवलात. परत खटका. आता फटीत निळसर जाळ धरला, भजी तळल्यासारखा चरचरत बसला, विझेना. माझ्या हातातली ट्यूब काळीच होती. तुम्ही म्हणालात, “खालच्या वरच्या कॉइलीचा मेळ गेलाय. खालची तार दुसऱ्या वेढ्याला लावावी लागंल. धा मिनटं दे मला.”

दहा मिनिटं. मी सभेत दोन-दोन तास भाषणं केलीत. तुम्हाला दहा मिनिटं दिली नाहीत. मागून बळीराम ओरडला, तुमच्याकडून वर्षानुवर्षं मोटर भरून नेणारा बळीराम, “छत्तीस बाटल्या पाजल्या तरी मशीन शुद्धीवर येईना बे!” सगळं मैदान हसलं. बाबाची माणसं जयजयकार करू लागली. मी घाबरले आणि माइकवर म्हणाले, “तांत्रिक अडचण आहे.” तेव्हा तुम्ही माझ्या हातातून माइक घेतलात. आयुष्यात पहिल्यांदाच माइक धरला असेल तुम्ही, तोंडापासून हातभर लांब. म्हणालात, “मशीन मपली हाय. चूक मपली हाय. पोरीला हसू नका.”

मी शेजारीच उभी होते. एक वाक्य पुरलं असतं. मी ते बोलले नाही.

एवढ्यावर थांबले असते तर त्याला भ्याडपणा म्हणता आला असता. भ्याडपणा माफ होतो. पण चौथ्या दिवशी मी दुसरं पत्रक काढलं. त्यातलं वाक्य मला पाठ आहे, कारण लिहिताना ते मला फार आवडलं होतं: ‘यंत्र तयार करणाऱ्या कारागिराच्या चुकीच्या हिशोबामुळे प्रयोग फसला, विज्ञान फसलेले नाही.’ विज्ञान वाचलं, मंडळ वाचलं, मी वाचले. बाकी राहिलेला माणूस कारागीर होता. कारागिराजवळ दुसरं काय असतं, अप्पा? जमीन नाही, पद नाही, मागे पुढारी नाही. ‘अप्पाच्या हाताखालून गेलेली मोटर परत येत न्हाई’ एवढी एक गोष्ट तुम्ही तीस वर्षांत मिळवली होती. ती मी एका ओळीत काढून घेतली. वरच्या लोकांनी खालच्यांवर चूक ढकलणं याविरुद्ध मी किती पत्रकं लिहिलीत, ते वेगळं सांगायला नको.

लोक म्हणायचे, छापून आलंय की. तुम्ही भरलेली मोटर पाण्यात बुडून जळाली तरी आता तुमचाच हिशोब चुकलेला असे. हायवेवर नव्या मोटरींचं दुकान उघडलं होतं. जुनी टाका, नवी घ्या. तिकडे गर्दी झाली, तुमच्याकडे पंखे आणि मिक्सर तेवढे उरले. हे सगळं माझ्या एका ओळीनेच झालं असं म्हणणार नाही. काळही तसाच होता. पण काळाला वाट मी करून दिली.

आणि बाबा? महिनाभराने तो दुसऱ्या गावाला निघून गेला. कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्यावरून तुम्ही मला फक्त एकदा बोललात. त्या उन्हाळ्यात तुम्ही मला दुकानात बोलावलंत, शटर अर्धं ओढलंत, गोणपाट लावून उजेड कमी केलात. परातीत बाटल्या मोजून अठरा. ट्यूब माझ्या हातात दिलीत आणि चार पावलं मागे उभं केलंत. खटका दाबला. गॅप कडाडली, स्वच्छ, सुटी सुटी ठिणगी, आणि माझ्या हातातली ट्यूब एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पेटली. मला रडू आलं. मी म्हटलं, “अप्पा, पुढच्या बाजारी परत मैदानात लावू. सगळ्यांना दाखवू.”

तुम्ही खटका बंद केलात. काठी दोनदा लावलीत. मग माझ्याकडे न बघता म्हणालात, “लावू. आधी कागदावर दुरुस्ती छाप. चूक कुणाची हुती ते लिव. मग लावू.”

मी काय काय सांगितलं! बाबाची माणसं याचा फायदा घेतील. मंडळात आधीच दोन तट पडलेत. चळवळीला आत्ता धक्का नको. वेळ आली की छापू. तुम्ही ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “बरं.” तुमच्या त्या ‘बरं’नंतर दोन वर्षं मी तुमच्या दुकानात येत राहिले, चहा पीत राहिले, आणि तुम्ही तो विषय पुन्हा काढला नाहीत. मला वाटलं, विसरलात. तुम्ही विसरणारे नव्हतात, मी विसरवणारी होते.

अप्पा, तुम्ही मला दिलेलं मी मोजत बसणार नाही. पण एक आहे. अंदाज करण्याआधी लावून बघायचं आणि लावून बघितलेलं भिंतीवर लिहायचं, मग ते आपल्या सोयीचं असो की नसो, हे मी कुठल्याही पुस्तकात नाही, तुमच्या खडूच्या तक्त्यात वाचलं. वाचलं, पण शिकले नाही. शिकले असते तर तेव्हाच त्या भिंतीवर ‘छत्तीस बाटल्या: गॅप गप’ एवढं लिहून मी माझ्या हाताने खाली सही केली असती. परवा केली. खडू तुमच्याच फळीवर होता. काकू दारात उभ्या राहून बघत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, पहिल्या मथळ्यापासून. त्या एवढंच म्हणाल्या, “मला सांगून काय उपेग? मला ठाऊकच हुतं. गावाला सांग.”

तर वाचकहो, काम हे आहे. ते दुसरं पत्रक मी हजार प्रतींत काढलं होतं. बीड, चौसाळा आणि आसपासच्या गावांत ते अजून कुणाच्या वहीत, कुणाच्या पेटीच्या तळाशी, कुणाच्या दुकानाच्या भिंतीवर असेल. ते शोधा. ‘कारागिराच्या चुकीच्या हिशोबामुळे’ ही ओळ पेनने खोडा आणि वर लिहा: ‘पत्रक लिहिणाऱ्या सुनंदाच्या हट्टामुळे. कारागिराने अठरा सांगितल्या होत्या.’ आणि खोडलेला कागद जपून ठेवू नका. त्या दिवशी मैदानात ज्याच्या शेजारी उभं राहून तुम्ही हसला होतात, त्याच्या हातात द्या आणि त्याला तो मोठ्याने वाचायला लावा.